प्रमुख पाहुणे आणि आमचा माल

मराठी माणसाच्या समारंभास तीन गोष्टी लागतात : समई, शाल-श्रीफळ आणि प्रमुख पाहुणे. पहिल्या दोन बाजारात मिळतात. तिसऱ्यासाठी पत्रे लिहावी लागतात, ओळखीच्याची ओळख काढावी लागते, जाण्यायेण्याचा खर्च आधी पोचवावा लागतो. आणि इतके करूनही पाहुणे येणार की नाहीत, हे समईची वात पेटेपर्यंत कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पाहुणा बाहेरगावचा असावा, त्याचे नाव पत्रिकेवर ठळक अक्षरांत छापता यावे आणि जमल्यास त्याला शेजारच्या काकूंनी एकदा तरी पडद्यावर पाहिलेले असावे, अशी आपल्याकडे श्रद्धा आहे. खान्देशातून सुरतेस येताना आपल्या वाडवडिलांनी गाठोड्यात देवांचे टाक, पाटा-वरवंटा आणि कुळथाचे पीठ आणले. त्याच गाठोड्याच्या एखाद्या कोपऱ्यात ही श्रद्धाही बांधलेली असावी.

सुरतेच्या बाजारास मराठी माणसाची पहिली ठळक ओळख १६६४ च्या जानेवारीत झाली. शिवछत्रपतींची ती भेट निमंत्रणपत्रिकेवरून झालेली नव्हती. १६७० मधली दुसरीही नव्हती. आमची घराणी त्यानंतर पुष्कळ काळाने आणि पुष्कळ निमूटपणे आली. कोणी तापी खोऱ्यातला लोहमार्ग झाल्यावर, कोणी १९७२ च्या दुष्काळानंतर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव अशा स्थानकांवरून गाडीत चढले आणि उधन्यास उतरले. लूमच्या खडखडाटात बारा-बारा तासांच्या पाळ्या केल्या. लिंबायत, नवागाम, डिंडोली या भागांत आधी भाड्याच्या खोल्या आणि पुढे स्वतःची घरे झाली. आम्हांला येथे कोणी बोलावले नव्हते आणि कोणी ओवाळलेही नव्हते. म्हणूनच की काय, बोलावलेल्या पाहुण्याचे कौतुक आम्हांला जरा जास्तच.

गेल्या पौषात डिंडोलीतल्या एका गच्चीवर आम्ही जमलो ते या वर्षीच्या संमेलनाचे पाहुणे ठरविण्यासाठीच. विषय गंभीर होता, परंतु सोबत भरीत होते. जळगावकडची मोठी, हिरवट-पांढरी वांगी आदल्या दिवशी गाडीने आली होती. कपाशीच्या काड्या सुरतेत कोठून मिळणार? अप्पांनी कारखान्यातल्या मोडक्या लाकडी पेट्या आणून त्यांच्या जाळावर ती भाजली. अक्कांच्या देखरेखीखाली कळण्याच्या पुऱ्या झाल्या. दोन-दोन पुऱ्या पोटात गेल्यावर मंडळींच्या तोंडी ठरावाऐवजी आठवणी येऊ लागल्या.

आरंभ आबांनी केला. आबांनी रिंग रोडवरच्या मार्केटात पस्तीस वर्षे पांढऱ्या गादीवर बसून साड्या दाखविल्या. एका शेठजींच्या नव्या दुकानाच्या उद्घाटनास मुंबईचे एक नट आले होते, तेव्हाची त्यांची हकीकत. नट तीन तास उशिरा आले. फीत कापण्याची कात्री गर्दीत नाहीशी झाली, म्हणून शेजारच्या शिंप्याची आणली. तिने फीत कापण्याऐवजी चावली. शेवटी दोघांनी दोन टोके ओढून ती तोडली. शेठजी साधे गृहस्थ, पांढरा सदरा घातलेला. नटमहाशयांना ते दुकानातले गडी वाटले. त्यांनी शेठजींच्या हाती आपला काळा चष्मा दिला आणि पाणी मागितले. शेठजींनी स्वतः धावत जाऊन पाण्याचा पेला आणला. नटांनी तो घेतलाच नाही; तोवर छायाचित्रे सुरू झाली होती. "आज त्या दुकानात ते छायाचित्र लावलेले आहे," आबा म्हणाले. "मध्यभागी नट आहेत, भोवती त्यांची माणसे आहेत, आणि एका कडेला दुकानाचे मालक एका हातात चष्मा आणि दुसऱ्या हातात पेला घेऊन उभे आहेत. नवा गिऱ्हाईक विचारतो, हे वेटर कोण?"

मास्तरांची गोष्ट साहित्यिक होती. सुरतेची महानगरपालिका गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांतून प्राथमिक शाळा चालवीत आली आहे. मास्तरांचे आयुष्य त्यांतल्या मराठी शाळेत गेले. निवृत्तीनंतर त्यांनी एका मंडळासाठी एक थोर वक्ते बोलावून आणले. वक्त्यांचे वय झालेले, प्रवास रात्रीचा. ते व्यासपीठावर उभे राहिले, डोळे मिटले आणि 'या बडोदानगरीत' असा आरंभ करून चाळीस मिनिटे सयाजीराव महाराजांचे गुणगान करीत राहिले. भाषण उत्तम होते. ग्रंथालये, व्यायामशाळा, सक्तीचे शिक्षण, काही सुटले नाही. प्रेक्षकांत चुळबूळ झाली, परंतु वडीलधाऱ्याला थांबवायचे कसे? शेवटी आभार मानायला मास्तर उठले आणि त्यांनी समस्त बडोदेकरांच्या वतीने आभार मानले. पाहुणे प्रसन्न मनाने गाडीत बसले. "त्यांना सुरतेत आणून मी बडोद्याला पोचविले," मास्तर म्हणाले, "भाडे मात्र सुरतेचेच पडले."

अक्कांच्या गोष्टीला आम्ही आधी हसलो आणि मग गप्प झालो. अक्का घरी फॉल-बिडिंगचे काम करतात. हळदीकुंकवाच्या एका मोठ्या समारंभास मालिकांतली एक अभिनेत्री येणार होती. तिची ओटी भरण्याचा मान अक्कांकडे आला. त्यांनी महिनाभर पैसे बाजूला टाकून एक नऊवारी घेतली, तिला स्वतःच्या हाताने फॉल लावला. बाई आल्या, दहा मिनिटे थांबल्या. ओटीचे तांदूळ, नारळ आणि साडी पदरात पडताच त्यांनी विचारले, "हे कुठे ठेवायचं?" मागच्या मुलीने सारे उचलून एका पिशवीत कोंबले. समारंभ संपल्यावर अक्का मांडवाबाहेर आल्या, तर ती पिशवी गाडीच्या चालकाजवळ! बाईंनी त्याला देऊन टाकली होती. अक्कांना पाहून तो ओशाळला. बोलण्यावरून ओळख पटली. पोरगा नंदुरबारकडचा निघाला. त्याने खाली वाकून नमस्कार केला आणि अहिराणीत सांगितले, की ही साडी माझी माय नेसेल. "साडी योग्य अंगावर गेली," अक्का म्हणाल्या. त्या नटीविषयी त्यांनी वाईट शब्द काढला नाही.

मग आमच्या सर्वांच्या मालकीची एक आठवण निघाली. पंधराएक वर्षांपूर्वी एका कवींना आणायला आम्ही हार घेऊन सुरत स्थानकावर गेलो. गाडी आली, गेली. कवी उतरले नाहीत. आम्ही हताश होऊन परतलो आणि भरलेल्या मंडपात जाहीर केले, की पाहुणे आलेले नाहीत. तेव्हा शेवटच्या रांगेतून एक गृहस्थ उठून म्हणाले, "मी आलोय, पण आपला कार्यक्रम चाललाय तो चालू द्या." डिंडोलीला उधना जवळ, हे त्यांनी गाडीतल्या सहप्रवाशाकडून जाणून घेतले होते, ते उधन्यास उतरले, रिक्षा करून आले, आणि तासभर मागे बसून शेजारच्या म्हाताऱ्याशी कापसाच्या भावावर बोलत होते. त्यांना कोणी ओळखले नाही, याचे त्यांना काहीच वाटले नाही. आमच्या पाहुण्यांच्या यादीत त्यांच्याइतका मोठा पाहुणा दुसरा झाला नाही.

अशा गोष्टी निघाल्या की मास्तरांमधला शिक्षक जागा होतो. ते म्हणाले, "आपल्या फजित्या किरकोळच म्हणायच्या. याच सुरतेत १९०७ च्या डिसेंबरात काय झाले, ते आठवा." आम्हांला आठवत होते, परंतु मास्तर सांगू लागले की पुन्हा ऐकावेसे वाटते. राष्ट्रीय सभेचे अधिवेशन त्या वर्षी नागपुरास भरायचे, ते सुरतेस आणले गेले. त्रिभुवनदास माळवी स्वागताध्यक्ष, रासबिहारी घोष नियोजित अध्यक्ष. जहाल आणि नेमस्त यांचा वाद टोकास गेलेला. पहिला दिवस गोंधळात गेला. दुसऱ्या दिवशी, २७ तारखेस, लोकमान्य टिळक बोलण्यासाठी व्यासपीठावर चढले. त्यांना बोलू देईनात आणि ते उतरेनात. इतक्यात सभेतून एक जोडा भिरभिरत आला आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी व फिरोजशहा मेहता यांना लागला. मग खुर्च्या उडाल्या आणि राष्ट्रीय सभा दुभंगली. हेन्री नेव्हिन्सन नावाचे इंग्रज पत्रकार तेथे हजर होते. तो जोडा मराठी घाटाचा होता, एवढे बारकाव्याने त्यांनी लिहून ठेवले.

"म्हणजे सुरतेच्या व्यासपीठावर सर्वांत गाजलेली मराठी वस्तू जोडा!" अप्पा म्हणाले.

"आणि त्याच साली," मास्तर पुढे म्हणाले, "याच लोहमार्गाच्या दुसऱ्या टोकाला, जळगावास, कविसंमेलन भरले होते. अध्यक्ष डॉक्टर कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. तेथे धरणगावचा एक सोळा-सतरा वर्षांचा पोरगा उठला आणि त्याने कविता म्हटली. कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' म्हटले. त्र्यंबक बापूजी ठोमरे हे नाव त्यानंतर कोणी फारसे घेतले नाही. हेच कीर्तिकर दोन वर्षांनी, १९०९ मध्ये, बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तेव्हा पाहुणा कशासाठी बोलवायचा, याचे उत्तर जळगावने देऊन ठेवले आहे. त्याने आपले ऐकावे, म्हणून बोलवायचा."

थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग आबांनी एक निरीक्षण मांडले. पस्तीस वर्षे गिऱ्हाइकाचे डोळे वाचलेला माणूस. त्याचे निरीक्षण वायफळ नसते. "तुमच्या लक्षात आले का," ते म्हणाले, "आपल्या सगळ्या गोष्टींत आपला माणूस हातात काहीतरी घेऊन उभा आहे. शेठजी पेला घेऊन, अक्का साडी घेऊन, आपण हार घेऊन. माल आपल्या हातात आहे आणि समोरचा घेत नाही. याला आमच्या धंद्यात माल पडून राहणे म्हणतात. पडून राहिलेला माल तसाच ठेवायचा नसतो. तो विकायचा असतो. चला, ज्याच्या हातात जे राहिले ते त्याने विकून दाखवावे!"

अशा रीतीने पाहुणे ठरविण्याची सभा बाजूस राहिली आणि गच्चीवर बाजार भरला. सुरतेच्या पाण्यातच विक्री आहे. येथे गाजलेल्या मालिकेतल्या नायिकेच्या नावाची साडी मालिका संपण्याआधी दुकानात लागते. येथे आमच्यासारख्या शेतकऱ्यांच्या पोरांनाही दहा वर्षांत बोलायला येते. आबांनी सतरंजीवर मांडी घातली, उपरणे खांद्यावर पदरासारखे टाकले आणि आरंभ केला.

"आवो बेन, बेसो. जोवाना पैसा नथी. हा पाहा पाण्याचा पेला. साधा म्हणू नका. जगात नटांनी प्यालेले पाणी पुष्कळ आहे, त्याला काही किंमत नाही. हे नटाने न प्यालेले पाणी आहे! याला ओठ लागलेले नाहीत, याचा रंग जाणार नाही, हे आटणार नाही. घरी पाहुणे आले की पुढे ठेवा. ते पाणी पिणार नाहीत, म्हणजे चहाही मागणार नाहीत. एका पेल्यात वर्षाची साखर वाचते. एकच नग उरला आहे. दुसरा दाखवू? दुसऱ्यात बर्फ आहे, पण तो मी तुम्हांला देणार नाही. तुमच्या रंगाला हाच शोभतो."

मास्तरांनी आपले चाळीस मिनिटांचे भाषण विकायला काढले. "कोणत्याही गावास बसेल असे तयार भाषण! फक्त गावाचे आणि राजाचे नाव बदलावे लागते. फॉल-पिको आमच्याकडून विनामूल्य. राजा नसलेल्या गावासाठी नगरसेवक घालून मिळेल. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून यात एक नवी किनार लावली आहे. ती उसवली तर आमची जबाबदारी नाही."

अप्पा गिरणीच्या आवाजात आयुष्य काढल्याने मोठ्याने बोलतात. त्यांच्या वाट्याला स्वतःची अशी फजिती नव्हती, म्हणून त्यांनी नवापूर स्थानकावरचे बाक विकायला घेतले. सुरत-भुसावळ मार्गाने जाणाऱ्या प्रत्येकाला हे स्थानक माहीत आहे. राज्यांची सीमा फलाटावरूनच जाते, अर्धे स्थानक गुजरातेत आणि अर्धे महाराष्ट्रात. "या मंडळी, एका बाकाच्या किमतीत दोन राज्ये! डावीकडे बसलात तर 'केम छो', उजवीकडे सरकलात तर 'बरं शे का भाऊ'. नवरा-बायकोचे भांडण झाले तर एकाने सीमा ओलांडावी. दोन्ही राज्यांना कळवावे लागेल, म्हणून भांडण मिटते. मधोमध बसणाऱ्यास मात्र आम्ही बाक विकत नाही. तो आधीच आमच्यासारखा आहे. त्याला ते फुकटच मिळालेले आहे."

यावर हसू आले, तरी त्या शेवटच्या वाक्याचा काटा आमच्यातल्या प्रत्येकाला लागला. गावी गेलो की 'सुरतवाले आले' म्हणतात आणि येथे मार्केटात 'महाराष्ट्रवाळा'. अप्पांचे बाक विकायला काढण्यासारखे नव्हते. त्यावर आम्ही बसलेलो होतो.

अक्कांनी निरांजनाचे तबक विकले. "तीन तास न विझलेली वात आहे. पाहुणा येईस्तोवर तुमच्या हाताला कळ लागेल, पण वात हलणार नाही. पाहुणा नाहीच आला, तर घरातल्या माणसाला ओवाळा. त्याला सवय नसेल, तो लाजेल. चार दिवसांनी सरावेल." या मालाला गच्चीवर सर्वांत जास्त बोली लागली.

रात्र वाढत चालली होती. तेव्हा मास्तरांनी जाता जाता म्हटल्यासारखे म्हटले, "आबा, आता एक अवघड माल देतो. आपले कपाट विका."

हे कपाट म्हणजे आमच्या वाचनालयाचे. एका सद्‍गृहस्थांनी दिलेल्या खोलीत ते अनेक वर्षे उभे होते. साडेतीनशेच्या आसपास पुस्तके. कोणी गावाहून आणलेली, कोणी लग्नात मिळालेली, काही रद्दीतून सोडविलेली. ते घर आता पाडून नवे बांधायचे होते आणि चैत्रापर्यंत खोली मोकळी करायची होती. कपाट कोणाच्या घरी जाणार, हा प्रश्न तीन सभांत निघून तीनदा पुढे ढकलला गेला होता. वाचणारी आमची पिढी चष्म्याच्या काचा बदलीत बसलेली, मुले कामाधंद्यात, नातवंडे इंग्रजी नाहीतर गुजराती माध्यमात. त्यांना आजीचे बोलणे कळते, पण मराठीत लिहिलेले पान समोर धरले की ती तोंड फिरवितात.

आबांनी उपरणे पुन्हा खांद्यावर घेतले. "आवो बेन," ते म्हणाले, आणि थांबले. ज्याने नटाने न प्यालेले पाणी विकले, त्याला पुढचे वाक्य सुचेना. थोड्या वेळाने त्यांनी उपरणे खाली ठेवले. "गादीवरचा एक नियम आहे," ते हलक्या आवाजात म्हणाले. "आपण स्वतः घरात न नेलेली साडी गिऱ्हाइकाच्या खांद्यावर नीट पडत नाही. हात खोटे बोलू लागतात. माझ्या घरात या कपाटातले एकही पुस्तक नातवाच्या हातात दिलेले नाही. मग मी ते काय विकू?"

आपल्या खान्देशात एक विक्री झालेली आहे, तिची मास्तरांनी त्या शांततेत आठवण करून दिली. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता येत नव्हते. त्यांनी घरात, शेतात म्हटलेली गाणी मुलाने, सोपानदेवांनी, आणि आप्तांनी उतरवून घेतली. सोपानदेव स्वतः कवी होते, त्यांना सभासंमेलनांची सवय होती. तरी आईची वही बाहेर काढायला त्यांना संकोच वाटला. पुढे ती वही त्यांनी आचार्य अत्र्यांपुढे ठेवली. अत्रे म्हणजे त्या काळचे सर्वांत गाजलेले वक्ते, लोक त्यांच्या भाषणाला जागा धरून बसत. त्यांनी ती गाणी वाचली आणि प्रकाशनाचा ध्यासच घेतला. १९५२ मध्ये पुस्तक आले, त्याला प्रस्तावना अत्र्यांचीच. बहिणाबाई आदल्या वर्षी गेल्या होत्या. "मोठ्या माणसापुढे हातात काहीतरी घेऊन सोपानदेवही उभेच राहिले होते," मास्तर म्हणाले. "पण त्यांच्या हातात हार नव्हता."

अप्पांची आठवीतली नात इतका वेळ जिन्याच्या तोंडाशी बसून ऐकत होती. तिने विचारले, "कपाटातल्या पुस्तकाची किंमत काय आहे?"

"किंमत काही नाही, बाळ. फुकट. नाव लिहून कोणीही न्यावे."

"मग कोण नेणार?" ती सहज म्हणाली. "फुकट माल म्हणजे खराब माल. सुरतमध्ये एवढं तर सगळ्यांना माहितीये. आणि तुम्ही लोक खेळत होता तेव्हा मजा आली, पुस्तकाचं नाव निघालं तर सगळे रडायला लागले."

आम्ही एकमेकांकडे पाहिले. आबांचा चेहरा मात्र उजळला. पस्तीस वर्षांनी त्यांना धंद्यातला माणूस भेटला होता.

त्या रात्री पाहुण्याचे नाव ठरले नाही. ठरले ते असे, की या वर्षी संमेलनाला प्रमुख पाहुणे नकोत. त्यांच्या प्रवासासाठी आणि मानधनासाठी राखलेल्या पैशातून मुलांसाठी नवी पुस्तके आणायची. नव्याजुन्यांतले एकेक पुस्तक एकेका मुलाने घरी न्यायचे, लागेल तितकी मदत आजी-आजोबांकडून घ्यायची, आणि संमेलनाच्या दिवशी दोन मिनिटांत ते विकून दाखवायचे. भाषा कोणतीही चालेल. माल मराठी हवा. किंमत एक रुपया ते दहा रुपये, घासाघीस करण्यास मुभा. अप्पांनी एक शंका काढली, की पोरांनी पुस्तकाची थट्टा केली तर? जोतीराव फुल्यांना १८८५ मध्ये रानड्यांनी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण पाठविले होते, याची मास्तरांनी आठवण दिली. आपल्या शूद्रातिशूद्रांच्या सुखदुःखाशी तुमच्या ग्रंथांचा संबंध काय, अशा अर्थाचे पत्र लिहून जोतीरावांनी ते निमंत्रण नाकारले. "ग्रंथांना तो प्रश्न सोसला, तर पोरांची थट्टाही सोसेल," मास्तर म्हणाले. "ज्याला माल नको आहे, त्याने तोंडावर सांगितलेले बरे."

चैत्रात, पाडव्यानंतरच्या रविवारी, संमेलन झाले. अकरा मुले उभी राहिली. चौघांनी गुजरातीत विकले, एकाने हिंदीत. बाकीच्यांनी जी मराठी वापरली, तिच्यात तिन्ही भाषांचा मसाला होता. एका मुलाने बालकवींचे पुस्तक धरून सांगितले, की यांना माझ्या मोठ्या भावाच्या वयात स्टेजवर जाऊन नाव मिळाले आणि आपल्या जळगाववाल्या गाडीच्याच रस्त्यावर त्यांचे गाव आहे; तेव्हा पुढच्या वेळी धरणगावला झोपून राहू नका. दुसऱ्याने साने गुरुजींची 'श्यामची आई' घेतली होती. त्याने अर्धी गोष्ट सांगितली आणि शेवट सांगायला साफ नकार दिला. पैसे द्या आणि वाचा, म्हणाला. एका मुलीने मात्र, हे पुस्तक मला अजिबात आवडले नाही, ज्याला आवडेल त्याने घ्यावे आणि मला कारण सांगावे, असे स्पष्ट सांगून ते दोन रुपयांस विकले. आबा म्हणाले, अशी प्रामाणिक विक्री मार्केटात बसत नाही. पण त्यांनीच ते विकत घेतले.

अप्पांच्या नातीने बहिणाबाईंची गाणी काढली. "या आजीला लिहिता येत नव्हतं," ती म्हणाली. "म्हणून हे पुस्तक लिहिलेलं नाहीये, बोललेलं आहे. मोठ्याने वाचायचं. मनात वाचलं तर माल खराब होईल, आणि मग आम्ही परत घेणार नाही. मला पहिले काही कळत नव्हतं. मग अप्पांनी वाचून दाखवलं, तर ते घरात बोलतात तसंच निघालं." अप्पा पुढच्या रांगेत बसले होते. मोठ्याने बोलणारा तो माणूस त्या दिवशी काही बोलला नाही. बोली पन्नास रुपयांपर्यंत गेली.

कपाट आता अक्कांच्या खोलीत, फॉलच्या रिळांशेजारी उभे आहे. अक्कांकडे साड्या घेऊन येणाऱ्या बायकांना ते दिसते. त्यांतल्या काही जणी पुस्तक उचलून पाहतात, काही पाहत नाहीत. अकरापैकी तीन पुस्तके अजून परत आलेली नाहीत. एका मुलाने येणेच सोडले, कारण त्याच्या वडिलांनी घर पुढे पांडेसऱ्याला केले. एवढ्याने मराठी टिकेल, असे आमच्यातला कोणीही म्हणत नाही. परत न आलेल्या पुस्तकांची नावे आबा एका चोपडीत मांडतात आणि त्यांना 'उधारी' म्हणतात. सुरतेचा सारा बाजार उधारीवर चालतो, खाते उघडे आहे तोवर माणूस आपला आहे, असे त्यांचे म्हणणे.

अहिराणीत एक बोलणे आम्ही लहानपणापासून ऐकतो : पाव्हना उना, पाव्हना गया. पाहुणा आला तसा गेला, त्याचे एवढे काय. थोरामोठ्यांनी येऊच नये, असे आमचे म्हणणे नाही. उधन्यास उतरून मागच्या रांगेत बसणारे कवी पुन्हा कधी आले, तर अक्कांची वात त्यांच्यासाठी तेवत राहील. परंतु ते आले तर त्यांच्या हाती द्यायला आता आमच्याकडे हाराखेरीज दुसरेही काही आहे, आणि ते कसे द्यायचे हे मुलांना ठाऊक झाले आहे.

पुढील विक्री कोजागरीस त्याच गच्चीवर आहे. वाचकांपैकी ज्यांच्या घरी माळ्यावर जुनी मराठी पुस्तके पडून असतील, त्यांनी ती अवश्य पाठवावीत. सोबत एखादे नातवंड पाठविता आले, तर अधिक बरे. पाहुण्यांची नावे मात्र कृपया सुचवू नयेत.